प्ले स्टोअरवर टाकायच्या आधी ॲप साइन कसं करायचं

साइन करणं म्हणजे ॲप तुमचंच आहे हे दाखवणारी डिजिटल सही. अँड्रॉइड स्टुडिओत बिल्ड मेनूतून साइन्ड बंडलवालं (बंडल म्हणजे प्लेवर टाकायची ॲपची फाइल) ऑप्शन घ्या, क्रिएट न्यू दाबलं की कीस्टोअरचा, म्हणजे सहीची की ठेवायच्या फाइलचा फॉर्म उघडतो, त्यात पासवर्ड, अलियस (कीचं नाव) टाका आणि व्हॅलिडिटी २५ वर्षं ठेवा कारण प्लेला सर्टिफिकेट २२ ऑक्टोबर २०३३ नंतरही चालू लागतं. सिटी मुंबई, कंट्री कोड आयएन, हे कुणी तपासत बसत नाही. खरी भानगड ती जेकेएस फाइल, म्हणजे हेच कीस्टोअर, सांभाळायची! गिटवर नको, अंधेरीच्या क्लायंटला पासवर्डसकट व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नको. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपला प्ले ॲप साइनिंग कंपलसरी आहे, म्हणजे ॲपची खरी की गुगलकडे आणि तुमच्याकडे फक्त अपलोड करताना सही करायची अपलोड की, ती हरवली तर कन्सोलमधून रीसेट मागता येते. जुन्या ॲपची की स्वतःकडेच असेल आणि गेली, तर अपडेट विसरा, नवं पॅकेज नेम (प्लेवरची ॲपची ओळख) घ्या.