इन्शुलिन आणि पट्ट्यांचे दान: गोळा करताना व वाटताना या चुका टाळा

डॉक्टरांनी इन्शुलिनचा प्रकार बदलला, ग्लुकोमीटर नवा घेतला किंवा घरातील मधुमेही व्यक्ती निवर्तली, की फ्रिजमध्ये न उघडलेल्या बाटल्या आणि कपाटात रक्तातील साखर मोजण्याच्या पट्ट्यांचे डबे उरतात. त्याच गावात टाइप १ मधुमेह (शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा प्रकार) असलेल्या एखाद्या मुलाचे आईवडील महिनाअखेरीस पैसे पुरत नाहीत म्हणून डोस कमी करत असतात. या दोन घरांची गाठ घालून देणे हे चांगले काम आहे आणि ते शिस्तीने करणाऱ्या संस्थाही आहेत. ऑस्ट्रेलियात रॉन राब यांनी स्वतः टाइप १ मधुमेहासह जगत ‘इन्शुलिन फॉर लाइफ’ उभी केली. वापरात न आलेले, मुदतीतले इन्शुलिन गोळा करून गरजू देशांतील केंद्रांकडे पाठवण्याचे काम ती संस्था करते. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेला ‘ड्रीम ट्रस्ट’ गरीब घरांतील टाइप १ मुलांना इन्शुलिन पुरवत आला आहे. अशा कामाचे अनुकरण मात्र अनेकदा धान्यवाटपाच्या पद्धतीने होते, आणि तिथेच घोटाळा होतो. गहू कोणत्याही घरात चालतो. इन्शुलिनची बाटली मात्र ठरावीक रुग्णाच्या, ठरावीक सिरिंजच्या आणि ठरावीक डोसच्या हिशेबातच चालते.

यू-४० आणि यू-१०० यांची सरमिसळ

सर्वांत धोकादायक चूक हीच आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. भारतात बाटलीतून मिळणारे मानवी इन्शुलिन बहुतांशी यू-४० असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. इन्शुलिन टोचण्याच्या पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज, म्हणजे औषधाची छोटी नळी, यू-१०० असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियातून आलेली बाटलीसुद्धा यू-१०० असते. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. आपल्याकडे यू-४० सिरिंजचे टोपण लाल आणि यू-१०० सिरिंजचे नारिंगी असते, पण मंद उजेडात किंवा दृष्टी अधू झालेल्या माणसाला हा फरक दिसेलच असे नाही.

आता हिशेब पाहा. लाल टोपणाच्या सिरिंजवरील २० या खुणेपर्यंत अर्धा मिलिलिटर द्रव येतो. बाटली यू-४० असेल तर ती २० युनिट होतात. बाटली यू-१०० असेल तर त्याच खुणेवर ५० युनिट शरीरात जातात. अडीचपट डोसने रक्तातील साखर इतकी घसरू शकते की रुग्ण बेशुद्ध पडावा, आणि हे रात्री झोपेत झाले तर जीवही जाऊ शकतो. उलट प्रकारात, म्हणजे नारिंगी टोपणाच्या सिरिंजने यू-४० इन्शुलिन २० खुणेपर्यंत घेतले, तर जेमतेम ८ युनिट मिळतात आणि साखर चढत राहते. ही चूक परदेशी बाटल्यांपुरती आहे असे समजू नये. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने इन्शुलिन ओढणारे रुग्ण आपल्याच गावात सापडतात. काही पेनमधील इन्शुलिन तर यू-२०० किंवा यू-३०० असते. त्यामुळे पेनमधून किंवा कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढू नये, हा नियम रुग्णाला तोंडी सांगावा, लिहून द्यावा आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यावा.

यावर उपाय म्हणजे साठवणुकीतच दोन्ही प्रकार वेगळ्या कप्प्यांत ठेवावेत, बाटलीसोबत जुळणारी सिरिंज दिल्याशिवाय बाटली हातात देऊ नये आणि जो रुग्ण आजवर यू-४० वापरत आला आहे त्याला ‘सध्या हेच आहे’ म्हणून यू-१०० देऊ नये. बदल अपरिहार्यच असेल तर तो डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, जुन्या सिरिंज घरातून परत घेऊन करावा. जुन्या सिरिंज घरातच राहू देणे ही या चुकीची दुसरी पायरी आहे, कारण काटकसरी माणूस त्या फेकून देत नाही.

नावात ‘इन्शुलिन’ आहे म्हणजे सारखेच, हा समज

रेग्युलर, एनपीएच, ३०/७० मिश्रण, ग्लार्जिन, अस्पार्ट या इन्शुलिनच्या प्रकारांचा परिणाम सुरू होण्याची आणि टिकण्याची वेळ वेगवेगळी असते. दिवसभर मंद गतीने काम करणाऱ्या ग्लार्जिनच्या जागी जेवणाआधीचे जलद इन्शुलिन तेवढ्याच युनिटमध्ये घेतले, तर परिणाम उघड आहे. वाटप करणाऱ्या स्वयंसेवकाने ‘जवळपास तेच आहे’ हे वाक्य उच्चारूच नये. रुग्णाची अलीकडची औषधचिठ्ठी पाहावी, बाटलीवरील पूर्ण नाव तिच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, आणि जुळत नसेल तर बाटली परत फ्रिजमध्ये ठेवावी. पेनच्या कार्ट्रिजही सरसकट एकमेकींच्या पेनमध्ये बसत नाहीत. ज्या कंपनीची कार्ट्रिज, त्याच कंपनीचे पेन हवे.

शीतसाखळीविषयी देणाऱ्याला काहीच न विचारणे

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते. ते एकदा गोठले की, नंतर वितळून अगदी स्वच्छ दिसत असले तरी, बाद होते. गोठल्यामुळे किंवा उकाड्यामुळे झालेले नुकसान डोळ्यांना नेहमी दिसत नाही आणि घरच्या घरी तपासण्याचा मार्गही नाही. म्हणून दान स्वीकारताना पहिला प्रश्न मुदतीच्या तारखेबद्दल विचारण्यापेक्षा, ‘हे आजवर कुठे ठेवले होते?’ असा विचारावा. फ्रीझरच्या कप्प्याला टेकून ठेवलेली, विमानप्रवासात सामानाच्या डब्यातून आलेली किंवा मे महिन्यात कुरियरने साध्या पाकिटात नागपूरहून चंद्रपूरला गेलेली बाटली नम्रपणे नाकारावी. सील उघडलेली बाटली तर कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये.

वाहतुकीत बर्फाची पिशवी थेट बाटलीला लागली तरी इन्शुलिन गोठू शकते, त्यामुळे मध्ये कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा जाड थर हवा. साठवणुकीच्या फ्रिजमध्ये साधा थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद करावी. ज्या फ्रिजमध्ये दूध, भाजी आणि सरबत आहे आणि ज्याचे दार दर दहा मिनिटांनी उघडते, तो या कामाचा नाही.

रुग्णाच्या घरी फ्रिज नसेल तर काय करायचे, हा प्रश्न ग्रामीण भागात हमखास येतो. केनियातील दगाहले निर्वासित छावणीतील तापमानाच्या नोंदी आधाराला घेऊन ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ ही डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय मदतसंस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेल्या इन्शुलिनचे सामर्थ्य टिकून राहिल्याचे दिसले. ओल्या वाळूत ठेवलेले सच्छिद्र मातीचे मडके आतील हवा बाहेरपेक्षा काही अंशांनी थंड राखते, ही गोष्ट आपल्याकडच्या माठाने पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध केली आहे. वापरात असलेल्या बाटलीसाठी तो आधार पुरेसा धरता येतो. पण या निष्कर्षाचा आधार घेऊन उन्हात राहिलेले दान स्वीकारणे चूक ठरेल, कारण अभ्यासातील बाटल्यांचा पूर्वेतिहास माहीत होता आणि दानातल्या बाटलीचा तो माहीत नसतो.

नव्या बाटलीवर आल्यापासून साखर अकारण चढलेली दिसली, तर डोस वाढवण्याआधी बाटलीवर संशय घ्यावा. रेग्युलर किंवा ग्लार्जिन धूसर झाले असेल, किंवा मुळात दुधट असलेले एनपीएच हातात हळू फिरवूनही त्यात गुठळ्या राहात असतील, तर ती बाटली बाजूला काढावी, तिचा बॅच क्रमांक नोंदवावा आणि त्याच दात्याकडून आलेल्या बाकी बाटल्याही तात्पुरत्या थांबवाव्यात.

पट्ट्या आणि मीटर यांची ताटातूट

पट्टी ठरावीक मीटरवरच चालते. तरीही दान आलेल्या मीटरचा ढीग एकीकडे आणि पट्ट्यांचा दुसरीकडे, असे दृश्य सर्रास दिसते. मीटर फुकट देणे सोपे असते. खरा खर्च पट्ट्यांचा असतो. ज्याच्या पट्ट्या जवळच्या तालुक्याच्या औषधदुकानात मिळत नाहीत असा मीटर देणे म्हणजे दहा दिवसांनी निकामी होणारी वस्तू देणे आहे. शिबिरांत वाटलेले असे कितीतरी मीटर पहिल्या डब्यानंतर माळ्यावर जातात, आणि अहवालात मात्र ‘लाभार्थी’ म्हणून त्यांची गणना होत राहते.

परदेशातून आलेल्या मीटरची आणखी एक गोम आहे. भारतात आणि अमेरिकेत साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, तर ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा येथे मिलिमोल प्रति लिटरमध्ये. मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. मेलबर्नच्या मुलीने सांगलीच्या वडिलांना पाठवलेल्या मीटरवर ११.२ आले आणि त्यांनी दशांशचिन्ह सोडून ११२ वाचले, तर ते निर्धास्त होतील. प्रत्यक्षात साखर २०२ च्या आसपास असते. ६.२ हे ६२ वाचले, तर साखर कमी झाली समजून ते गूळ खातील, वस्तुतः ती ११२ असते. बहुतेक मीटरमधील एकक बदलता येत नाही. असे मीटर वाटू नयेत, एवढाच सरळ उपाय आहे.

पट्ट्यांचे उघडलेले डबे घेऊ नयेत. झाकण नीट न लावलेल्या डब्यात कोकणातला पावसाळी दमटपणा शिरला की पट्ट्या चुकीचे आकडे दाखवतात, आणि चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावरून डोस ठरतो. एका डब्यातील पट्ट्या दुसऱ्या डब्यात ओतून ‘पूर्ण डबा’ तयार करणे हा तर निव्वळ आततायीपणा आहे. त्यात मुदत आणि सांकेतिक क्रमांक दोन्ही हरवतात. मीटर देण्यापूर्वी त्याच कंपनीच्या नियंत्रण द्रावणाने (साखरेचे ठरावीक प्रमाण असलेल्या चाचणीच्या द्रवाने) तपासावा आणि आकडा डब्यावर छापलेल्या मर्यादेत आला तरच पुढे द्यावा. सतत साखर मोजणारे सेन्सर दान आले तर ते आपल्याकडच्या रीडरशी किंवा ॲपशी जोडले जातात का, हे आधी पाहावे.

खोकी मोजणे, युनिट न मोजणे

‘आज ४० बाटल्या वाटल्या’ या नोंदीतून काहीही कळत नाही. यू-४० ची १० मिलिलिटरची बाटली ४०० युनिटची असते. दिवसाला ४० युनिट लागणाऱ्या तरुणाला ती १० दिवस पुरते, म्हणजे महिन्याला ३ बाटल्या हव्यात. दिवसाला ८ युनिट लागणाऱ्या लहान मुलाला तीच बाटली ५० दिवस पुरेल, पण उघडल्यानंतर साधारणतः २८ दिवसांनी ती बाद धरायची असल्याने जवळजवळ निम्मी वाया जाईल. त्या मुलाला ३ मिलिलिटरची, ३०० युनिटची कार्ट्रिज अधिक सोयीची पडते, अर्थात पेन आणि चिठ्ठी जुळत असेल तर.

टाइप १ मध्ये इन्शुलिन बंद पडले तर एक-दोन दिवसांतच कीटोॲसिडोसिसची, म्हणजे रक्तात आम्ल साचून जिवावर बेतणारी, आणीबाणी उभी राहू शकते. त्यामुळे शंभर जणांना एकदा देण्यापेक्षा वीस जणांना वर्षभर देणे मला जास्त जबाबदारीचे वाटते, जरी छायाचित्र शंभरांचे चांगले येत असले तरी. छायाचित्रांवरून आठवले: मुलामुलींचे चेहरे वाटपाच्या प्रसिद्धीत येऊ देऊ नयेत. विशेषतः मुलींच्या लग्नाच्या वेळी हा आजार लपवण्याचा दबाव अजूनही अनेक घरांत असतो, आणि तो आजार गावाला कळवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार संस्थेचा नाही.

पेन ‘स्वच्छ करून’ दुसऱ्याला देणे

सुई बदलली तरी पेनच्या कार्ट्रिजमध्ये आधीच्या माणसाचे रक्त सूक्ष्म प्रमाणात परत गेलेले असू शकते. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा धोका त्यामुळे राहतो. अर्धवट वापरलेले पेन, वापरलेली कार्ट्रिज आणि बोटाला टोचण्याचे वापरलेले उपकरण स्वीकारू नये.

कायद्याकडे दुर्लक्ष

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० हा केवळ विक्रीपुरता नाही. औषधांचे वितरणही त्याच्या कक्षेत येते. फुकट देतो म्हणजे परवाना लागत नाही, असे गृहीत धरू नये. साठा नोंदणीकृत डॉक्टरांच्या, रुग्णालयाच्या किंवा परवानाधारक औषधविक्रेत्याच्या ताब्यात ठेवावा आणि सुरुवात करण्याआधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी विचारणा करावी.

परदेशस्थ मराठी मंडळींनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरते औषध सोबत आणता येते. संस्थेत वाटण्यासाठी बॅग भरून आणणे त्या सवलतीत बसत नाही. शिवाय परदेशी नागरिकत्व घेतलेली व्यक्ती, ती जन्माने पुण्याची असली तरी, विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० नुसार विदेशी स्रोत ठरते आणि वस्तुरूप देणगीही त्या कायद्यात मोडते. अशा दात्याने, ज्या संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी आहे तिच्याशीच, आणि वस्तू पाठवण्यापूर्वी, बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही आधी गरज विचारून मगच पाठवण्यावर भर देतात, आणि रुग्णांनी परत केलेल्या औषधांबाबत ती कडक आहेत.

नाकारलेल्या वस्तूंचे काय

बाद ठरलेले इन्शुलिन मोरीत ओतू नये आणि बाटल्या भंगारात देऊ नयेत. त्या पुन्हा बाजारात फिरण्याची शक्यता असते. नावाचे लेबल फाडून, वेगळ्या डब्यात, ‘वापरू नये’ असे लिहून त्या जवळच्या रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थेकडे सोपवाव्यात. सुया आणि लॅन्सेट (बोटाला टोचण्याच्या बारीक सुया) भोक न पडणाऱ्या जाड डब्यात जमा करून तिथेच द्याव्यात. प्रत्येक बाटलीची नोंद दाता, बॅच क्रमांक, मुदत, घेणाऱ्याची चिठ्ठी आणि दिल्याची तारीख अशा क्रमाने एका वहीत असली, तर एखादी बॅच कंपनीने परत मागवल्यावर कोणत्या घरी फोन करायचा हे त्याच दिवशी कळते.