शिकवणी घेणाऱ्यांनी आपला परिचय आणि शिकवण्याची भूमिका कशी लिहावी

घरगुती शिकवणी घेणारे बहुतेक शिक्षक आपला परिचय दोन ओळींत उरकतात. नाव, पदवी, अनुभवाची वर्षे आणि ‘प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष दिले जाईल’ एवढ्यावर मजकूर संपतो. तो सोसायटीच्या सूचनाफलकावर लावलेला असो, व्हॉट्सअॅप गटात फिरत असो किंवा ऑनलाइन शिकवणीच्या एखाद्या संकेतस्थळावर असो, वाचणाऱ्या पालकाला त्यातून एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: आपले मूल या व्यक्तीसमोर आठवड्यातून तीन-चार दिवस तासभर बसले, तर त्या तासात नेमके काय घडेल? परिचयातले प्रत्येक वाक्य या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहावे. जे वाक्य त्याचे उत्तर देत नाही, ते कितीही भारदस्त असले तरी काढून टाकावे.

लिहायला बसण्यापूर्वी आपण कोणाला शिकवतो हे स्वतःशी निश्चित करावे, कारण अर्धा परिचय त्यातूनच तयार होतो. ‘पहिली ते बारावी, सर्व विषय’ असे लिहिणाऱ्यावर जाणता पालक विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे. इयत्ता, विषय, बोर्ड आणि माध्यम या चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. राज्य मंडळाच्या दहावीला गणिताचे भाग एक आणि भाग दोन असे प्रत्येकी 40 गुणांचे दोन पेपर असतात आणि 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. सीबीएसईच्या दहावीला मुलाने ‘स्टँडर्ड’ गणित घेतले आहे की ‘बेसिक’, यावर प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी ठरते. आपण दोन्ही बोर्डांची मुले घेत असाल तर हा फरक आपल्याला ठाऊक आहे, हे एका वाक्यातून दिसले पाहिजे. सेमी माध्यमाच्या मुलांच्या बाबतीत तर आपण कोणत्या भाषेत समजावतो हे लिहिणे अत्यावश्यक आहे. ते मूल शाळेत ‘एलसीएम’ आणि ‘डिनॉमिनेटर’ ऐकते, घरी आजोबा ‘लसावि’ आणि ‘छेद’ म्हणतात, आणि दोन्हींच्या मध्ये त्याचा गोंधळ होतो. ‘मी संकल्पना मराठीत समजावतो, उदाहरण मात्र शाळेच्या परिभाषेत इंग्रजीतून सोडवून घेतो’ हे साधे वाक्य सेमीच्या पालकाला पुष्कळ काही सांगून जाते.

पार्श्वभूमी लिहिताना

आपली शैक्षणिक पात्रता जशी आहे तशी लिहावी. ज्या गोष्टीचा शिकवण्याशी संबंध आहे तिला जागा द्यावी आणि उरलेली एका ओळीत संपवावी. डी.एड., बी.एड. झाले असेल तर कोणत्या विषयांची अध्यापनपद्धती घेतली होती हे लिहावे, कारण बी.एड.ला इतिहास आणि मराठी घेतलेल्या शिक्षकाने विज्ञान शिकवण्यात गैर काही नसले, तरी पालकाला ते आधी ठाऊक असणे न्याय्य आहे. महाराष्ट्रात 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा होते. ती उत्तीर्ण असाल तर पेपर एक की पेपर दोन हे नमूद करावे, कारण पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी असतो.

ज्यांच्याकडे अध्यापनाची पदवी नाही त्यांनी ती उणीव झाकण्याचा प्रयत्न करू नये. अभियांत्रिकी करून काही वर्षे कारखान्यात काम केलेली व्यक्ती नववी-दहावीचे विज्ञान उत्तम शिकवू शकते. तिने आपल्या कामाचा धड्याशी असलेला सांधा दाखवला की झाले: ‘मी विद्युत अभियंता आहे, विद्युतधारेच्या परिणामांचा धडा शिकवताना घरातला फ्यूज, एमसीबी आणि वीजबिल यांच्यापासून सुरुवात करतो.’ इथे पदवी आणि पद्धत एकाच वाक्यात आली. नोकरी सोडून काही वर्षे घरी राहिलेल्या अनेक महिला शिकवणीकडे वळतात आणि परिचयात त्या वर्षांबद्दल संकोचाने लिहितात किंवा काहीच लिहीत नाहीत. माझे मत असे आहे की ते सरळ लिहावे. ‘मुले लहान असताना सहा वर्षे नोकरी केली नाही, त्या काळात स्वतःच्या मुलांचा प्राथमिक अभ्यास घेतला आणि त्यातूनच पहिली-दुसरीच्या वाचनावर काम करण्याची गोडी लागली’ हे वाक्य खरे असेल, तर ते कोणत्याही प्रमाणपत्राइतकेच कामाचे आहे. महाविद्यालयात शिकत असताना शिकवणी घेणाऱ्या तरुणांनीही वय लपवू नये. आठवीच्या मुलाला वीस वर्षांची ताई कित्येकदा जवळची वाटते, आणि प्रश्न विचारायला तो कचरत नाही.

सध्या शाळेत नोकरी करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट तपासावी. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 नुसार शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. त्यामुळे ‘अमुक शाळेत कार्यरत’ असे लिहून त्याखाली शिकवणीच्या वेळा देणे म्हणजे नियमभंग स्वतःच्या हाताने लिहून देणे होय. निवृत्त शिक्षकांना ही अडचण नाही. त्यांनी कोणत्या इयत्ता अधिक काळ शिकवल्या, हे एकूण सेवेच्या वर्षांपेक्षा ठळक लिहावे.

भूमिका कृतीतून लिहावी

परिचयाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा भाग म्हणजे शिकवण्याची भूमिका. इथे बहुतेकांचे पाय घसरतात, कारण तयार शब्द हाताशी असतात: विद्यार्थिकेंद्री, आनंददायी, कृतियुक्त, ज्ञानरचनावादी. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, 2005 नंतर ज्ञानरचनावाद (मूल अनुभवातून स्वतःच ज्ञान घडवते हा विचार) हा शब्द प्रशिक्षणांतून घरोघरच्या शिक्षकांपर्यंत पोहोचला, आणि साताऱ्याच्या कुमठे बीटसारख्या (बीट म्हणजे जवळपासच्या शाळांचा प्रशासकीय गट) ठिकाणी शाळांनी त्याला वर्गात प्रत्यक्ष रूपही दिले. मात्र ते काम पाहायला लोक लांबून जात होते ते तिथल्या फरशीवर, भिंतीवर आणि मुलांच्या हातात काय घडत होते ते पाहायला. शिकवणीच्या परिचयात नुसता शब्द लिहिला तर पालकाला काहीच दिसत नाही.

भूमिका कृतीतून कशी दिसते याचे आपल्याकडचे सर्वांत लखलखीत उदाहरण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे आहे. 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम करताना आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे त्यांना दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मुलाच्या परिस्थितीपासून सुरुवात करायची हा त्यांचा विचार समजायला वेगळे निवेदन लागत नाही. अंगणात भरलेली शाळा तो सांगते. शिकवणीच्या परिचयातही हेच साधायचे असते, लहान प्रमाणात.

त्यासाठी एक उपाय सुचवतो. आपल्या विषयातली मुले हमखास करतात अशी एक चूक निवडावी आणि ती समोर आल्यावर आपण काय करतो ते पाच-सहा वाक्यांत लिहावे. सहावीचे मूल एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश यांचे उत्तर दोन पंचमांश काढते, कारण ते अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते. एक शिक्षक लगेच लसावि काढायला सांगेल आणि तशी दहा उदाहरणे देईल. दुसरा काही क्षण थांबून विचारेल, ‘दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?’ मूल कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेईल, एकीचे दोन आणि दुसरीचे पाच भाग करून पाहील, आणि त्याच्या लक्षात येईल की अर्ध्यात काहीतरी मिळवूनही उत्तर अर्ध्याहून कमी आले आहे. आता समच्छेद करण्याची गरज त्यालाच जाणवलेली असते, आणि लसावि त्यानंतर येतो. मला दुसरी रीत अधिक पटते, पण परीक्षा तोंडावर असताना पहिली रीत वापरणाऱ्या शिक्षकालाही मी दोष देणार नाही. महत्त्वाचे हे की आपण यांपैकी कोण आहोत आणि कोणत्या वेळी कोण असतो, ते पालकाला वाचून कळावे. असा एक परिच्छेद ‘संकल्पना स्पष्ट करण्यावर भर’ या वाक्याची पूर्ण जागा घेतो.

प्राथमिकच्या शिक्षकांसाठी याहून जवळचा विषय आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रभर वाद झाला. तुम्ही मुलांना संख्या कशा वाचायला शिकवता, पाढे पाठ करून घेता की आधी तयार करायला लावता, हातचा समजावताना काड्यांचे गठ्ठे वापरता का, हे लिहिलेत तर पालकाला तुमची संपूर्ण बैठक कळते. भाषेच्या शिक्षकाने शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने भरून टाकतो की एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर काम करतो, हे सांगावे. दहावीच्या भाषा विषयांच्या कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) स्वमताच्या, म्हणजे मुलाने स्वतःचे मत लिहायच्या कृती असतात. त्यांची उत्तरे लिहून देतो की मुलाकडून आधी तोंडी बोलून घेतो, या एका तपशिलातून भाषेकडे पाहण्याची शिक्षकाची दृष्टी उघड होते.

मराठी शिकवणाऱ्यांचा वर्ग गेल्या काही वर्षांत विस्तारला आहे. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाल्यामुळे घरी हिंदी, गुजराती किंवा तमिळ बोलणारी मुले शिकवणीला येतात, आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांतली मुले ऑनलाइन येतात. या दोन्ही गटांसाठी एकच परिचय चालत नाही. पहिल्याला शाळेच्या परीक्षेत टिकायचे असते, तर दुसऱ्याच्या आईवडिलांना बहुधा मुलाने आजीशी बोलावे एवढीच इच्छा असते. आपण लिपीपासून सुरुवात करतो की संभाषणापासून, आणि का, हे दोघांसाठी वेगवेगळे लिहावे.

काय लिहू नये

निकालाची हमी देऊ नये. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग केंद्रांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत गुणांची किंवा क्रमांकाची हमी देण्यास आणि पदवीपेक्षा कमी पात्रतेचे शिक्षक नेमण्यास मनाई सुचवली आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, ज्यांत यशस्वी विद्यार्थ्याचे नाव किंवा छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये असे म्हटले आहे. या तरतुदी 50 हून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांना डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या आहेत. घरातल्या टेबलाभोवती पाच मुले घेणाऱ्याला त्या थेट लागू नसल्या तरी त्यातली सचोटी त्यानेही पाळावी. विशेषतः मुलाचे नाव, शाळा आणि गुण परिचयात देऊ नयेत. ‘गणितात नापास झालेल्या अमुकला मी पास केले’ हे वाक्य त्या मुलाच्या इमारतीत वाचले जाते, आणि त्या मुलाला त्याचा त्रास होतो.

इतर शिक्षकांची किंवा शाळेची निंदाही नको. ‘शाळेत शिकवत नाहीत’ असे लिहिणारा माणूस मुलाला उद्या वर्गात बसायला अवघड करून ठेवतो, कारण दिवसाचे पाच-सहा तास ते मूल त्याच शाळेत असते.

आणखी एक विनंती अशी की आपल्या मर्यादा लिहाव्यात. अक्षरओळखीत खूप मागे असलेल्या किंवा अध्ययन अक्षमतेचे निदान झालेल्या मुलासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. ते आपण घेतलेले नसेल तर ‘अशा मुलांसाठी विशेष शिक्षकांचा सल्ला घ्यावा, मी त्यांच्या सोबतीने काम करायला तयार आहे’ असे लिहिणे हे मुलाच्या हिताचे आहे.

मजकुराची मांडणी

मजकूर प्रथमपुरुषी लिहावा. ‘सर हे अत्यंत मनमिळाऊ असून’ अशी तृतीयपुरुषी स्तुती वाचणाऱ्याला परकी वाटते. साधारण 250 ते 300 शब्द पुरेत. सुरुवातीला इयत्ता, विषय, बोर्ड, माध्यम, मग शिकवण्याची रीत आणि ते एक जवळून सांगितलेले उदाहरण, त्यानंतर शिक्षण आणि अनुभव, शेवटी व्यवहार. पदव्या सुरुवातीला लिहिण्याची आपली सवय जुनी आहे, पण पालक आधी आपल्या मुलाची इयत्ता शोधतो.

व्यवहाराच्या भागात संकोच करू नये. एका बॅचमध्ये किती मुले, आठवड्यात किती तास, मूल आजारी पडल्यास बुडालेला तास भरून देता का, गृहपाठ रोज साधारण किती वेळेचा असतो, पालकांशी कधी आणि कसे बोलता, पहिला तास विनामूल्य आहे का, हे सर्व लिहावे. फी लिहावी की नाही यावर मतभेद आहेत. माझ्या मते निदान ती महिन्याची आहे की तासाची आणि आगाऊ घेता की महिनाअखेर, एवढे तरी लिहावे, म्हणजे पहिल्या फोनवर दोन्ही बाजूंचा अवघडलेपणा टळतो.

मजकूर तयार झाल्यावर तो दोघांना वाचायला द्यावा: एक, शिक्षणक्षेत्रात नसलेल्या पालकाला, आणि दुसरा, आपल्याकडे शिकणाऱ्या एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याला. पालकाला जो शब्द विचारावा लागला तो बदलावा. विद्यार्थ्याला ‘सर, तुम्ही असे करत नाही’ असे म्हणावेसे वाटले, तर ते वाक्य तत्काळ काढावे. दरवर्षी शाळा सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यातच, मजकूर पुन्हा पाहावा. पुस्तके बदलतात, परीक्षांचे आराखडे बदलतात, आणि आपण कोणत्या इयत्ता घेतो हेही बदलते. मजकुराखाली ‘शेवटचा बदल’ म्हणून महिना आणि वर्ष घालावे, म्हणजे मागच्या वर्षीच्या वेळा आणि फी वाचून कोणी फोन करणार नाही.