सीताफळाच्या फुलांना हाताने पराग कसे लावायचे

उन्हाळी बहार धरला की एप्रिल-मेमध्ये सीताफळाचं झाड फुलांनी लगडतं आणि थोड्याच दिवसांत झाडाखाली त्याच फुलांचा सडा पडतो. मग धावपळ सुरू होते. कुणी टॉनिक मारतं, कुणी खत वाढवतं, कुणी पाणी. मी बार्शी तालुक्यात सीताफळ करते आणि मला कळकळीने सांगायचंय की या फुलगळीमागे बहुतेक वेळा झाडाची उपासमार नसते. फुलाला पराग मिळालेले नसतात. बाटलीतलं औषध ते काम करत नाही, साधा ब्रश करतो.

सीताफळाचं फूल आधी मादी असतं, मग नर होतं. एक फूल तोडून हातात घ्या. तीन जाड, हिरवट पाकळ्या. त्या सोलल्या की आत छोटा सुळका दिसतो. सुळक्याच्या वरच्या भागात स्त्रीकेसर, त्याखाली पांढऱ्या पुंकेसरांचा गच्च वेढा. पाकळ्यांची टोकं जराशी विलग झाली की स्त्रीकेसरांवर चिकट ओल चमकायला लागते, तेव्हा फूल मादी. पाकळ्या पुरत्या फाकल्या, पुंकेसर सुटे होऊन तपकिरी पडले की फूल नर. पण तोवर त्याचे स्वतःचे स्त्रीकेसर सुकलेले असतात, म्हणून त्याच फुलाचे पराग त्याच फुलाच्या उपयोगाचे नाहीत. एका फुलातून दुसऱ्यात पराग नेतात ते बारीक भुंगेरे. मधमाश्यांचं इथे फारसं काम नाही. पावसाळ्यात हवा दमट असते, भुंगेरेही भरपूर असतात, त्यामुळे मृगाच्या बहारातलं सेटिंग, म्हणजे फुलाचं फळ धरणं, बरं होतं. उन्हाळ्यात कोरडा वारा सुटला की स्त्रीकेसरावरची ओल भराभर उडून जाते.

आता प्रत्यक्ष काम. आदल्या दिवशी दुपार कलली की फुलं गोळा करायची. पाकळ्या चांगल्या उघडलेल्या, पण पुंकेसर अजून पांढरे आणि घट्ट, अशीच निवडा. तपकिरी झालेलं घेऊ नका, त्याचे पराग सांडून गेलेले असतात. घरात ताटावर कागद पसरून फुलं एका थरात मांडा. ढीग केला तर ती घामेजतात. वर पंखा नको, ऊन नको. पहाटेपर्यंत पुंकेसर सुटे होतात. मग फुलं चहाच्या गाळणीत घेऊन कागदावर हलक्या हाताने झटका. पिवळसर पूड खाली पडते, तिच्याबरोबर सुटे पुंकेसरही पडतात. ते वेगळे करत बसू नका. सगळं छोट्या काचेच्या बाटलीत भरा आणि बागेत निघा.

उजाडल्यापासून आठपर्यंत, फार तर नऊपर्यंत काम उरकायचं. माझी सून पुढे होऊन मादी अवस्थेतलं, ओल चमकणारं फूल हेरते, मी मागून ब्रश फिरवते. ब्रश चित्रकलेचा, मऊ केसांचा, गोल टोकाचा. डाव्या हाताच्या बोटांनी पाकळी अलगद बाजूला करायची, मोडायची नाही. परागात बुडवलेलं टोक सुळक्याच्या वरच्या भागावर गोल फिरवायचं, चारी बाजूंनी. हे गोल फिरवणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. सीताफळाचा एकेक डोळा एकेका स्त्रीकेसरातून तयार होतो. ज्या बाजूला पराग लागले नाहीत ती बाजू वाढत नाही, फळ तिकडे दबतं. मार्केटमध्ये वाकड्या फळाला जो भाव मिळतो तो बघितला की ब्रश एकदा टेकवून पुढे पळणाऱ्या माणसाला थांबवावंसं वाटतं. फुलं थोडी कमी झाली तरी चालतील, पण झालेलं प्रत्येक फूल पुरतं झालं पाहिजे.

फूल निवडताना जाड फांदीवरचं, खोडाजवळचं घ्या. शेंड्याकडच्या बारीक काडीला फळाचं वजन पेलत नाही, वाऱ्यात फळं एकमेकांवर घासतात. पराग कोणत्या झाडाचे, याची फार काळजी नको. आमच्याकडे बाळानगर ही जात आहे आणि आमच्याच तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांची एनएमके-१ गोल्डनही आहे. एकीचे पराग दुसरीला चालतात. गर आणि साल आईच्याच झाडाची राहते, फरक पडला तर बियांतून उगवणाऱ्या रोपात.

साठवणुकीबद्दल मला नेहमी विचारतात. कच्छमध्ये खारकेचे शेतकरी नराचे पराग सुकवून फ्रीजमध्ये जपून ठेवतात, ड्रॅगन फ्रूटचेही सुकवून गोठवता येतात. सीताफळाचं तसं नाही. याचे पराग झडतात तेव्हाच ओलसर असतात. खडखडीत सुकवले तर मरतात, दमट डब्यात ठेवले तर बुरशी धरतात. म्हणून रोजचे पराग रोज काढा, हाच माझा सल्ला. उरलेच तर कागदाच्या पुडीत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वापरून टाका. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडायचा नाही; थंडपणा जाऊ द्यायचा, नाहीतर आत दव धरतं आणि परागांच्या गुठळ्या होतात. शिळे पराग चालले का, हे तुमच्याच बागेत कळतं: ताज्या परागांच्या फुलांना लाल दोरा बांधा, शिळ्यांच्या फुलांना पांढरा, आणि आठवड्याने कोणत्या दोऱ्यांवर फळ टिकलंय ते मोजा.

सेटिंग ओळखणं सोपं आहे. पाकळ्या गळून गेल्यावर सुळका हिरवा राहिला आणि फुगायला लागला की काम झालं. काळा पडून देठासकट गळाला तर नाही झालं. गळ जास्त दिसली तर वेळ तपासा. बहुधा उशिरा, ऊन चढल्यावर लावलेलं असतं. त्या दिवसांत झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, ठिबकचं पाणी तोडू नका आणि फुलं असताना कीटकनाशक मारू नका. आपण ब्रशने जेवढी फुलं करतो त्यापलीकडची भुंगेऱ्यांवरच सोडलेली असतात. फळं लिंबाएवढी झाली की जोडीतलं वाकडं फळ काढून टाका, सरळ वाढणारं ठेवा.