होडीतल्या एलईडी दिव्याचं स्थिर करंट सर्किट: या चुका टाळा

जाळं टाकून इंजिन बंद केलं की दिवा मंद, चालू केलं की पुन्हा लख्ख. असं होत असेल तर ट्रान्झिस्टर बदलायला धावू नका, आधी माळेत किती एलईडी आहेत ते मोजा. १ वॅटचा पांढरा एलईडी १४० मिलिअँपला साधारण ३ व्होल्ट खातो. चार एका माळेत जोडले की १२ व्होल्ट तिथेच संपले, आणि करंट एकसारखा राखणाऱ्या या सर्किटला स्वतःसाठी वर सव्वा व्होल्ट तरी लागतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या वर मिळतात, म्हणून तेवढ्यापुरतं भागतं. १२ व्होल्टवर तीनच लावा.

जोडणी अशी: बॅटरीच्या प्लसपासून एलईडींची माळ, मग बीडी१३९ या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर (बेस, कलेक्टर, एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय). त्याच्या एमिटरपासून मायनसपर्यंत ४.७ ओहमचा रेझिस्टर. बीसी५४७ या दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस त्याच एमिटरला, एमिटर मायनसला, कलेक्टर बीडी१३९ च्या बेसला. प्लसपासून त्या बेसला २.२ किलोओहम. ४.७ ओहमवर ०.६५ व्होल्ट पडले की बीसी५४७ बेसचा करंट ओढून घेतो, म्हणून करंट १३८ मिलिअँपवर अडतो.

२.२ च्या जागी हाताशी आहे म्हणून १० किलोओहम लावणं ही नेहमीची चूक. बेसला जेमतेम १ मिलिअँप पोचतो. बीडी१३९ चा गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट तो सोडतो) कमीत कमी ४० धरायचा, म्हणजे ४० मिलिअँपच्या पुढची खात्री नाही. एखादा ट्रान्झिस्टर चालून जातो, दुसरा नाही, आणि दोष मात्र दुकानदाराला!

करंट मोजताना मीटर एमिटरच्या वाटेत घालू नका. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स ४.७ मध्ये मिळतो आणि आकडा कमी दिसतो. ४.७ ओहमवरचे व्होल्ट मोजा नि ४.७ ने भागा.

१४.४ व्होल्टवर तीन एलईडी असले तर बीडी१३९ वर सुमारे ०.६५ वॅट उष्णता होते. दोनच एलईडी ठेवले तर १ वॅटच्या वर जाते, आणि बंद डब्यात उघडा ट्रान्झिस्टर तेवढं सोसत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी लावाच, पण मध्ये अभ्रक हवा: मागची धातूची बाजू कलेक्टरला जोडलेली असते. बीसी५४७ या पट्टीपासून लांब ठेवा. त्याचा तो ०.६५ व्होल्टचा आकडा तापमानाच्या दर अंशाला २ मिलिव्होल्ट घसरतो. ३० अंश तापला तर करंट ९ टक्के कमी.

आता खारा वारा. पावसाळाभर शाकारून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरते, तेव्हा डबा उघडून बघा: तांब्यावर हिरवं चढलेलं असतं. ४.७ चा सांधा सुटला तर दिवा नुसता विझतो. बीसी५४७ चा बेस किंवा कलेक्टर सुटला तर करंट अडवणारं कोणी उरत नाही आणि इंजिन चालू करताच एलईडी जातात. म्हणून त्या दोन पायांचे सांधे आधी तपासा, मॅट दिसले तर नव्याने सोल्डर करा. सोल्डरबरोबर उरलेला चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग पारदर्शक वॉर्निशचे दोन हात द्या. डबा बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. सुकताना त्यातून निघणारं ॲसिड तांबं खातं.