डावखुऱ्यांनी दोन पिस्तुलांतून एक कसे निवडावे

दोन पिस्तुले समोर ठेवली की डावखुरा माणूस हटकून विचारतो, "यातले डाव्या हाताला चालणारे कोणते?" प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी दुसरी. पहिला प्रश्न हाताच्या मापाचा. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) सोडवायचे बटण 'चुकीच्या' बाजूला असेल तर महिनाभरात बोटांना सवय होते. बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचतच नसेल, तर कितीही सराव केला तरी ते लांब होणार नाही.

परवाना आणि कायद्याच्या बाबी पूर्ण आहेत असे धरून चालतो. उदाहरणासाठी दोन भिन्न स्वभावाची पिस्तुले घेऊ: ग्लॉक १९ ची पाचवी आवृत्ती आणि सीझेड ७५ बी. तुमच्यासमोरची जोडी वेगळी असली तरी तपासायची रीत हीच.

१. आधी रिकामे करा

मॅगझिन काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये (नळीच्या मागे गोळी बसते त्या जागेत) डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही चाचपा. विक्रेत्याने तपासून दिले असले तरी पुन्हा तपासा. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. गोळी न घालता नुसता ट्रिगर ओढण्यापूर्वी समोरच्याची परवानगी घ्या.

२. मूठ बसते का ते पाहा

डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी वर न्या. आता वरून पाहा. नळी आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात एका सरळ रेषेत हवेत. बोट पोचावे म्हणून पिस्तूल हातात थोडे फिरवावे लागले, की धक्का तळहातावर न येता अंगठ्याच्या बुडावर येतो आणि दर गोळीनंतर पकड नव्याने जुळवावी लागते.

मग ट्रिगरवर बोट ठेवा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर यावा. बोटाचे फक्त टोक पोचत असेल तर दाब तिरका पडतो. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या त्यामुळे बहुधा डावीकडे सरकतात, आपल्या उजवीकडे. बोट फार आत गेले तर उलटे. प्रशिक्षक उजव्या हाताचा असेल तर त्याचे निदान आरशात बघून वाचायचे, हे लक्षात असू द्या.

सीझेडची खरी परीक्षा इथे होते. घोडा (गोळी उडवणारा मागचा हातोडा) खाली असताना तिचा ट्रिगर बराच पुढे असतो. पहिली ओढ लांब आणि जड, त्यानंतरच्या आखूड आणि हलक्या. तेव्हा घोडा खाली ठेवूनच बोट पोचते का ते पाहा. घोडा चढवलेल्या अवस्थेत पिस्तूल हातात दिले तर ते प्रत्येकालाच आवडते. ग्लॉकमध्ये हा भेद नाही, ट्रिगर दर वेळी सारखाच. तिच्यासोबत मुठीच्या मागे लावायचे जादा तुकडे येतात. ते मूठ वाढवतात, कमी करत नाहीत: मूळ मापापेक्षा एक २ मिलिमीटरने मोठा, दुसरा ४ मिलिमीटरने. म्हणजे मूळ मूठच मोठी वाटत असेल तर या तुकड्यांचा उपयोग नाही.

मुठीची शेवटची चाचणी सर्वांत सोपी आणि मला सर्वांत विश्वासाची वाटते. समोर एक बिंदू ठरवा, डोळे मिटा, पिस्तूल नेमाला उचला, डोळे उघडा. पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) मागच्या खाचेत आहे का? पाच वेळा करा. एका पिस्तुलाची माशी दर वेळी जागेवर आणि दुसऱ्याची दर वेळी एकाच बाजूला कललेली दिसली, तर निम्मा निकाल लागला.

३. आता डाव्या हाताचे प्रश्न

उजव्या हाताचा माणूस जे काम अंगठ्याने करतो ते आपल्याला तर्जनीने करावे लागते, कारण डाव्या मुठीत अंगठा पिस्तुलाच्या उजव्या बाजूला येतो. यातल्या प्रत्येक खटक्याचे महत्त्व मात्र सारखे नाही.

मॅगझिनचे बटण सर्वांत कमी महत्त्वाचे. डाव्या बाजूचे बटण तर्जनीने सहज दाबता येते, आणि दाबताना बोट आपोआप ट्रिगरवरून निघते, हा वरचा फायदा. ग्लॉकमध्ये ते उजवीकडे फिरवून बसवता येते. तसे केलेत तर एक अडचण ध्यानात ठेवा: जुन्या आवृत्त्यांच्या मॅगझिनना एकाच बाजूला खाच असते, त्या मग अडकत नाहीत. म्हणूनच मी बटण फिरवायला घाई करू नका असे सांगतो.

स्लाइड सोडण्याचा खटका ग्लॉकच्या पाचव्या आवृत्तीत दोन्ही बाजूंना आहे, सीझेडमध्ये फक्त डावीकडे. तोही नडत नाही, कारण उजव्या हाताने स्लाइड वरून पकडून मागे ओढून सोडली की काम होते. पण सीझेडची स्लाइड फ्रेमच्या आतून सरकते, त्यामुळे पकडायला उंची कमी मिळते. घामट किंवा ओल्या हाताने ओढून बघा. आणि दोन्हीकडे खटका असणे म्हणजे नुसता लाभच असेही नाही. गोळी झाडताना एखादे बोट किंवा अंगठा त्यावर टेकून राहिला तर मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडकत नाही.

सेफ्टीबाबत (चुकून गोळी सुटू नये म्हणून लावायच्या खटक्याबाबत) मात्र तडजोड करू नये. सीझेड ७५ बी वर ती फक्त डावीकडे असते. डाव्या हाताने ती खाली करायची तर पकड सैल करून अंगठा मागून वळवावा लागतो किंवा उजव्या हाताची मदत घ्यावी लागते. रेंजवर सावकाश नेमबाजी करणाऱ्याला हे चालून जाते. घोडा चढवून, सेफ्टी लावून बाळगायचा बेत असेल तर चालत नाही. मग दोन्हीकडे सेफ्टी असलेले मॉडेल शोधा. ग्लॉकला हाताने चालवायची सेफ्टीच नाही, म्हणून हा प्रश्न येत नाही. त्या बदल्यात बोटाची शिस्त आणि ट्रिगर पूर्ण झाकणारे होल्स्टर (कमरेला लावायचे पिस्तुलाचे म्यान) लागते.

रिव्हॉल्व्हर घ्यायचे मनात असेल तर चित्र बदलते. त्यांचे सिलिंडर (गोळ्या बसवायचे फिरते नळकांडे) जवळपास सगळे डावीकडेच उघडते आणि खटकाही तिथेच. झाडायला डाव्या हाताला काही अडत नाही, भरायला मात्र हातांची वेगळी अदलाबदल शिकावी लागते. दहा मीटर एअर पिस्तूल खेळणाऱ्यांची यातून सुटका आहे. तिथे हाताला घडवलेली लाकडी मूठ डाव्या हातासाठी वेगळी मिळते, म्हणून फक्त मापाचा विचार करावा.

४. झाडून बघा

रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे उडतात, म्हणजे डावखुऱ्याच्या समोरून. एखादी गरम पुंगळी चष्मा आणि भुवईच्या मध्ये अडकली की काय होते ते सांगायला नको. टोपीला पुढे झडप हवी, चष्मा वरून आणि बाजूने बंद हवा. पुंगळ्या कपाळावर येतात का ते दोन्ही पिस्तुलांत पाहा; दारूगोळा बदलला की उडण्याची दिशाही थोडी बदलते.

सात ते दहा मीटरवर, लहान लक्ष्यावर पाच-पाच गोळ्यांचे गट झाडा. आलटून पालटून झाडा, एकाचे सगळे गट आधी आणि दुसऱ्याचे नंतर असे नको. नाहीतर दमलेला हात दुसऱ्या पिस्तुलावर अन्याय करतो. प्रत्येकी किमान पन्नास गोळ्या झाल्याशिवाय मत बनवू नका. एकच उत्तम गट हा योगायोग असू शकतो, म्हणून सगळ्यांत वाईट गट कोणत्या पिस्तुलाचा आहे ते बघा. शेवटी उजव्या हाताची मदत न घेता दोन-तीन गट. बसलेली मूठ तिथे लगेच कळते.

कधी कधी हात डावा आणि प्रबळ डोळा उजवा असतो. दोन्ही तळहात पुढे करून त्रिकोणी फट धरा, लांबची वस्तू त्यातून पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो प्रबळ. पिस्तूल बदलायचे हे कारण नाही. पिस्तूल किंचित उजवीकडे धरले की भागते.

माप एकाचे आणि खटके दुसऱ्याचे बरे असतील, तर सेफ्टीचा अपवाद सोडून माप बसणारे घ्या. दोन्ही सारखेच बसत असतील तर डाव्या हाताचे होल्स्टर कोणासाठी तयार मिळते ते पैसे देण्याआधी विचारा. उजव्या हाताची होल्स्टर डझनाने असतात, डाव्या हातासाठी बऱ्याचदा ऑर्डर देऊन थांबावे लागते.