स्थळासाठीचा फोटो घरीच काढताना: रिंग लाइट कसा लावावा

मामेबहिणीचा स्थळासाठी फोटो काढायचा म्हणून नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मी १८ इंची रिंग लाइट लावला. पहिला फोटो बघून मामी म्हणाली, "अरे, ही आधार कार्डावरच्यासारखी का दिसतेय?"

मामीचं बरोबर होतं. लेन्सभोवती गोल उजेड असला की चेहऱ्यावर सावलीच पडत नाही. कॅमेऱ्याचा गोल फ्लॅश १९५२ साली लेस्टर डाइन यांनी बनवला तो मुळी दातांचे फोटो काढायला. दाढेला सावली नको असते. गालाला आणि नाकाला मात्र थोडी लागते.

१. लाइट घेताना: १० इंची लाइट मोबाईलवर बोलण्यापुरता ठीक. पोर्ट्रेटला १८ इंची घ्या. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत घेणार असाल तर दुकानातच लावून, उजेड अगदी कमी करून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो लाइट परत ठेवा.

२. खोलीतली ट्यूब, बल्ब बंद. नाहीतर अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळसर. लाइट ५६०० केल्विनवर (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) ठेवला तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा पिवळा-निळा तोल, तोही तेवढाच ठेवा.

३. माणसाला भिंतीला टेकवू नका, डोक्याभोवती सावलीची कड उमटते. चार-पाच फूट तरी पुढे बसवा. पेठेतल्या खोलीत एवढी जागा कुठली? मग दार उघडा आणि दारासमोर बसवा. मागचा अंधारा बोळ हीच उत्तम पार्श्वभूमी.

४. अंतर. खरी मेख इथे आहे. लाइट दुप्पट लांब नेला की उजेड साधारण चौथाई उरतो. म्हणून लाइट तीन फुटांवर आणा: चेहरा उजळतो, मागचं आपोआप अंधारतं. पण मोबाईल रिंगमधल्या क्लिपला अडकवू नका. इतक्या जवळून नाक मोठं येतं. मोबाईल वेगळ्या स्टँडवर, दोन-तीन फूट मागे, दोन एक्स झूमवर ठेवा आणि रिंगच्या भोकातून फोटो काढा.

५. आधार कार्ड घालवायचं असेल तर लाइट कॅमेऱ्यासमोरून हलवा. डोक्यापेक्षा फूटभर वर, थोडा डावीकडे, खाली झुकवून. उजव्या गालावर उजेड परतावा म्हणून उजवीकडे पांढरा कार्डशीट धरायला कुणाला तरी उभं करा. आमच्याकडे मामा होते, दर दोन मिनिटांनी कार्डशीट खाली यायचा. चष्मा असेल तर काचेत दोन पांढऱ्या बांगड्या दिसतात. अशा वेळी चष्म्याच्या काड्या कानावर अर्धा इंच वर उचला. काच खाली झुकते, बांगड्या गायब.

६. कॅमेरा असेल तर शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या स्पीडला स्वस्तातला लाइटही सहसा पट्टे दाखवत नाही. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि स्क्रीनवरचा उजेडाचा स्लायडर जरासा खाली ओढा. नथीचे मोती आणि पैठणीची जर आधी पांढरी पडते, चेहऱ्याचं नंतर कळतं.

७. कपाळ आणि नाकाचा शेंडा हातरुमालानं टिपा. पावडर थापू नका. दहा फोटो झाले की लाइट मिनिटभर बंद करा, नाहीतर डोळे बारीक होतात.

शेवटी ठरलेला फोटो अशाच मिनिटानंतरचा. लाइट पुन्हा लावला, तेवढ्यात मामांच्या हातून कार्डशीट पडला आणि मामेबहीण त्यांच्याकडे बघून हसली. उजवा गाल जरा काळवंडलाय. मामी म्हणाली, राहू दे.