दोन वर्षांनी उमटलेले डाग

माझं विकलं गेलेलं पहिलं कोलाज दोन वर्षांनी परत आलं. घेणाऱ्या ताईंनी ते जुन्या साडीत गुंडाळून आणलं, टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "बघा ना, यांच्या चेहऱ्यावर काय आलंय." अकरा स्टुडिओ फोटो होते त्यात. सात जणांच्या कपाळावर, गालांवर तपकिरी डाग उमटले होते. टोपी घातलेल्या एका मुलाचा हात पुठ्ठ्यापासून सुटून पुढे आला होता. मी पैसे परत केले. ते चेहरे मात्र परत करता आले नाहीत. त्या फोटोंची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती.

जुने फोटो जमवून कोलाज करायला निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. कात्री कशी धरायची, रचना कशी करायची हे तुम्ही शिकालच, बरंचसं तुम्हाला येतही असेल. मी जिथे पडले ती जागा तेवढी दाखवते.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जायचे. पितळी दिवे आणि मोडक्या घड्याळांच्या शेजारी पत्र्याच्या डब्यात फोटो पडलेले असतात. रंगवलेल्या पडद्यापुढे उभी नऊवारीतली बाई, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलेला नवरा, काजळ घातलेलं उघडं बाळ. कधी एका ग्रुप फोटोतला एकच माणूस आधीच कुणीतरी कात्रीने काढून टाकलेला असतो. असा फोटो हातात आला की मी तो कापत नाही. त्याच्यावर आपल्याआधी कुणाचं तरी काम झालेलं आहे.

आता त्या चुकीबद्दल. मी दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला गेले होते. शिकवणाऱ्यांनी सांगितलं, फोटो चिकटवायला रबर सोल्यूशन वापरा. फोटोला सुरकुती पडत नाही, कडा वळत नाहीत, जास्तीचं लागलं तर बोटाने चोळून गोळी करून काढता येतं. यातला शब्द न् शब्द खरा आहे, म्हणूनच मी फसले. त्या संध्याकाळी काम इतकं स्वच्छ दिसत होतं की पुढची दीड वर्षं मी दुसरं काही वापरलंच नाही.

रबर सोल्यूशन म्हणजे द्रावकात विरघळवलेलं रबर. द्रावक काही मिनिटांत उडून जातो, मागे रबराचा थर राहतो. हवेने आणि उजेडाने हा थर हळूहळू बिघडतो. आधी तो चिकट, पातळ होतो आणि कागदात झिरपतो. मग तपकिरी पडतो. शेवटी सुकून कडक होतो आणि पकड सोडतो. म्हणून डाग पडला तरी फोटो निदान चिकटून राहील, अशीही आशा नाही. त्यात आपल्या कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या बारीक कणांची असते. रबरात गंधक असतं. चांदीच्या पैंजणांना काळपटपणा येतो तो गंधकामुळेच, आणि फोटोतल्या चांदीचंही तेच होतं. हा डाग वरून बसलेला नसतो, प्रतिमाच बदललेली असते. म्हणून तो पुसता येत नाही. पुण्यात आणि मुंबईत मी तीन जणांना विचारलं. तिघांनी नकारार्थी मान हलवली.

मग पांढरा गोंद वापरू का, हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. वापरू नका. तो तसा तपकिरी पडत नाही, पण एकदा वाळला की फोटो सोडवता येत नाही. शिवाय त्यात पाणी असतं. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो पाणी पिऊन फुगतो आणि वाळताना खालच्या कागदापेक्षा जास्त आकसतो, म्हणून फोटो आतल्या बाजूला वळतो. एकोणिसाव्या शतकातले अंड्यातल्या पांढऱ्या भागाच्या थराचे, म्हणजे अल्ब्युमिन फोटो तर इतक्या पातळ कागदावर असत की पुठ्ठ्यावर लावले नाहीत तर नळीसारखे गुंडाळले जात. तेव्हाचे स्टुडिओ ते खळीने पुठ्ठ्यावर चिकटवत. त्यातले कितीतरी आजही जागचे हललेले नाहीत.

इतकं सगळं कळल्यावर मी एकच नियम केला: मूळ फोटो कापायचा नाही, चिकटवायचा नाही. प्रत काढायची आणि प्रत कापायची. हे ऐकून नव्या मुलामुलींचा चेहरा पडतो, कारण आपल्याला तो खरा, जुना, पिवळट कागदच हवा असतो. मलाही हवा होता. पण या कलेतल्या मोठ्या माणसांकडे बघा. बर्लिनच्या हाना ह्योखने १९१९ मध्ये स्वयंपाकघरातल्या सुरीचं नाव देऊन आपलं गाजलेलं फोटोमोंताज केलं, ते मासिकांतली छापील चित्रं कापून. त्या मासिकांच्या असंख्य प्रती घरोघरी होत्या. विवान सुंदरम यांनी २००१ च्या सुमाराला आजोबा उमराव सिंग शेर-गिल यांच्या संग्रहातल्या फोटोंची संगणकावर नवी जुळणी केली आणि चित्रकार मावशी अमृता शेर-गिल त्या कुटुंबात नव्याने उभी राहिली. संग्रहातले मूळ फोटो त्यासाठी कापावे लागले नाहीत. नाथद्वाऱ्याचे चित्रकार श्रीनाथजीपुढे हात जोडून उभ्या असलेल्या यजमानाचं अंग रंगवत आणि चेहऱ्याच्या जागी त्याचा फोटो कापून लावत. तो फोटो त्याच कामासाठी दिलेला असे. बाजारातल्या डब्यातला फोटो आपल्याला कुणी कापायला दिलेला नाही.

शिवाय प्रतीने हात मोकळा होतो. मूळ फोटोतला चेहरा नखाएवढा असतो आणि तेवढाच राहतो. प्रतीत तो हाताच्या पंजाएवढा करता येतो. कोलाजमध्ये मापं बदलली की अर्थ बदलतो. हे मला मूळ फोटो कापत होते तोवर सुचलंच नव्हतं.

स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या मापाला करा. कार्त-द-व्हिझिट म्हणजे साधारण ६ बाय ९ सेंटीमीटरचे फोटो असतील तर १२०० ला. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, हे विसरू नका. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीने लिहिलेलं नाव असतं, कधी मोडीतली एखादी ओळ. माझ्या त्या अकरा फोटोंच्या पाठी मी पाहिल्याही नव्हत्या, थेट सोल्यूशन फासलं. हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. प्रिंट लेझरवर काढा. साध्या इंकजेटची शाई खळीच्या पाण्याने पसरते. कागद आम्लरहित घ्या, थोडा महाग पडतो, तिथे काटकसर नको.

कापायला सर्जिकल ब्लेड, ११ नंबरचं, ३ नंबरच्या हँडलवर. सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतं. वळण कापताना ब्लेड स्थिर ठेवा, कागद फिरवा. बाकी हात बसेल.

आता खळ. कार्यशाळेत जे शिकले नाही ते मला एका म्हाताऱ्या बाइंडरकाकांनी शिकवलं. कलेची पदवी असलेल्या कुणाहीपेक्षा बाइंडर आणि फ्रेमवाले हे आपले खरे गुरू, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्याकडे आजोबांच्या काळातल्या वह्या दुरुस्तीला येतात, त्यामुळे कुठली खळ टिकली आणि कुठली नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मैद्यापेक्षा गव्हाचं सत्त्व चांगलं. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतो, तोच. फक्त तो आंबलेला असतो, म्हणून वरचं पाणी तीनचार वेळा बदलून धुऊन घ्यायचा. एक वाटी सत्त्वाला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर अर्धा तास, ढवळत राहायचं. गार झाली की गाळणीतून दोनदा काढायची. दोनतीन दिवस टिकते, मग आंबट वास आला की टाकून द्यायची. काका किडीसाठी त्यात मोरचूद घालायचे. वहीला ठीक, पण आपल्या कामात मोरचूद नको, कागदाला आणि फोटोला ते घातक आहे.

खळ पातळ लावा. चिकटवल्यावर वर टिपकागद, त्यावर सपाट फळी, फळीवर वजन, आणि २४ तास हात लावायचा नाही. पुठ्ठा वाकला तर मागच्या बाजूला त्याच जाडीचा कागद त्याच खळीने लावा, ओढ सारखी होते. पहिले पाचसहा तुकडे सुरकुततीलच. घाबरू नका. खळ लावलेलं पाण्याने सुटतं, फोड आला तर उचलून पुन्हा बसवता येतो. नवशिक्याला याहून मोठा दिलासा नाही.

फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यात माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, पट्टी हवीच. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरांत आजोबांचा फोटो काचेला चिकटलेला तुम्ही पाहिला असेल. पावसाळी दमटपणाने जिलेटिन मऊ पडतं आणि काच धरून बसतं. तो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा.

लोकांबद्दल दोन शब्द. भारतीय कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, फोटोवरचा हक्क पूर्वी प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असे; २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. पण कायद्याने चालतं म्हणून कुणाच्या आजीच्या धडावर जनावराचं डोकं लावायची घाई करू नका. मी असं एक केलं होतं आणि पुढे ते भिंतीवरून उतरवलं. कुणी तक्रार केली नव्हती. मला त्या बाईंकडे बघवेना.

शिकवणारा निवडताना एकच गोष्ट विचारा: दहा वर्षांपूर्वी केलेलं काम दाखवा. नवं काम सगळ्यांचंच सुंदर दिसतं. जुनं दाखवायला जो कपाट उघडतो त्याच्याकडे शिका, मग त्याची फी जास्त असो नाहीतर तो तिरसट असो. ॲपमध्ये बोटाने पार्श्वभूमी पुसून तयार होणारी कोलाजं करायला माझी हरकत नाही, पण निदान पहिलं वर्ष तरी हाताने कापा. केसांची कड कापताना त्या माणसाकडे वीस मिनिटं बघावं लागतं. ॲप तेवढं बघू देत नाही.

आणि तुम्ही आधीच रबर सोल्यूशनने चिकटवलं असेल, तर आत्ता, आजच, ते स्कॅन करा. डाग अजून आले नसतील तर तुमच्याकडे थोडा वेळ आहे. फोटो स्वतः सोलायला जाऊ नका, वरचा थर फाटतो. ते काम इतर फोटोंपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा. परत आलेलं कोलाज मी असंच ठेवलं आहे. स्कॅन केलं तेव्हा डाग न पडलेले चार चेहरे मिळाले. त्यातल्या दोघी बहिणी असाव्यात, दोघींच्या नथी सारख्या आहेत. त्यांच्या प्रती सध्या टेबलावर आहेत, खळ गार व्हायची आहे.